जाकीट कोणी आणलं?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मराठी नाटकांचा कपडेपट सांभाळला. त्यामुळे मला निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. कपड्यांचं काम करणाऱ्या एखाद्या बाईविषयीच बोलायचं हे ठरलेलं होतं. फक्त ही बाई आपल्या रंगभूमीवरची नाही. ती टोकियोची आहे आणि तिचं सगळ्यात गाजलेलं काम पॉप संगीतातलं आहे. यासुको ताकाहाशी हे तिचं नाव. तिकडे सगळे त्यांना ‘याक्को-सान’ म्हणत.

1977 सालच्या ऑक्टोबरात डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाची ‘हीरोज’ ही तबकडी बाजारात आली. तिचं वेष्टन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. छायाचित्र काळं-पांढरं आहे. बोवीचा एक हात वर, पंजा ताठ, नजर कुठेतरी पलीकडे लागलेली आणि अंगात काळं चामड्याचं जाकीट. छायाचित्र मासायोशी सुकिता यांचं. त्या छायाचित्रावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या हाताच्या मुद्रेचं मूळ जर्मन चित्रकलेत शोधलं गेलं आहे, त्या नजरेचा अर्थ लावला गेला आहे. पण जाकीट कोणी आणलं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ते ताकाहाशींनी आणलं.

आपल्याकडे तिसरी घंटा झाली की पडदा वर जाण्याआधी नेपथ्य कोणाचं, प्रकाशयोजना कोणाची, वेशभूषा कोणाची, हे सगळं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं जातं. नाटक कसंही असो, ती नावं प्रेक्षकांच्या कानांवरून जातात. ही फार चांगली रीत आहे आणि ती आपण टिकवली आहे. पॉप संगीतात तबकडीवर वादकांची नावं असतात, ध्वनिमुद्रकाचं असतं, छायाचित्रकाराचं असतं. स्टायलिस्टचं नाव तिथं यायला फार वर्षं लागली आणि अजूनही ते दर वेळी येतंच असं नाही.

ताकाहाशींचा जन्म 1941 चा. पदवीनंतर त्या जाहिरातीच्या धंद्यात शिरल्या, तिथं त्यांनी आधी मजकूर लिहायचं काम केलं. मग हाराजुकूच्या चौकातल्या सेंट्रल अपार्टमेंट नावाच्या इमारतीत त्यांचं बस्तान बसलं. साठच्या दशकातल्या टोकियोत त्या इमारतीला मोठं महत्त्व होतं. छायाचित्रकार, जाहिरातवाले, चित्रकार अशी मंडळी तिथं कार्यालयं थाटून बसली होती आणि तळमजल्यावरच्या ‘लिओन’ कॅफेत त्यांचा अड्डा जमे. आज ती इमारत उरलेली नाही. त्या जागी मोठं व्यापारी संकुल उभं आहे.

ताकाहाशींनी तिथं जे काम धरलं त्याला जपानमध्ये तेव्हा व्यवसाय म्हणून जागाच नव्हती. छायाचित्र काढायचं तर कपडे लागतात, वस्तू लागतात. त्या कोणीतरी गोळा करायच्या. तोवर हे काम ज्याला सवड असेल त्याच्या गळ्यात पडत असे. ताकाहाशींनी तेच आपलं मुख्य काम मानलं आणि कोणाच्या नोकरीत न राहता, स्वतंत्रपणे करायला घेतलं. जपानमधली पहिली स्वतंत्र स्टायलिस्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं ते याच कारणानं.

इथं जरा थांबून या कामाविषयी सांगते, कारण आमच्या क्षेत्राबाहेर त्याची कल्पना नसते. स्टायलिस्ट कपडे शिवत नाही. तो कापड विणत नाही, केस कापत नाही, छायाचित्र काढत नाही. बहुतेक वेळा कपडे त्याच्या मालकीचेही नसतात. ते दुकानातून उसने आणलेले असतात आणि काम झालं की डाग न पडता, घडी न बिघडता परत पोचवायचे असतात. त्यासाठी दुकानदाराचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तो एका दिवसात मिळत नाही. मापाचा अंदाज नजरेनं घ्यावा लागतो. सदरा मोठा होत असेल तर मागच्या बाजूनं टाचण्या लावून समोरून नीट बसवावा लागतो. दिव्यांच्या उजेडात कोणता रंग मरतो आणि कोणता भडक होतो हे ठाऊक असावं लागतं. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते. या माणसाच्या अंगावर नेमकं हेच हवं, हे समोर कपडा नसताना दिसावं लागतं. शिवणारा कारागीर आपला टाका दाखवू शकतो. निवडणाऱ्याच्या हातात काम संपल्यावर दाखवायला काही उरत नाही. म्हणून त्याचा विसर पडतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी मुद्दाम बोलावं लागतं.

आता 1971 साल. कान्साई यामामोतो हे तेव्हा सत्तावीस वर्षांचे वेशसंकल्पक. अंगावरचे कपडे म्हणजे एखादा उत्सवच वाटावा असं त्यांचं काम: प्रचंड आकार, काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले रंग, मुखवट्यांसारखी चित्रं. त्यावर्षी त्यांनी लंडनला जाऊन किंग्ज रोडवर आपल्या कपड्यांचा शो केला. लंडनमध्ये असा शो करणारे ते पहिले जपानी संकल्पक. त्या शोच्या उभारणीत ताकाहाशी त्यांच्याबरोबर होत्या. शो गाजला, ब्रिटिश मासिकांनी तो उचलून धरला. कान्साईंचे कपडे घातलेल्या मॉडेलच्या डोक्यावर काबुकीच्या सिंहनृत्यातला लाल केसांचा टोप, अशी छायाचित्रं इंग्लंडभर पोचली.

त्यातलं एक छायाचित्र लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅममध्ये राहणाऱ्या, अजून फारसं नाव न झालेल्या गायकाच्या हाती लागलं. बोवीच्या आईचे केस त्याच गावच्या केशकर्तनालयात काम करणारी सूझी फसी नावाची तरुणी करत असे. 1972 च्या सुरुवातीला बोवीनं तिला घरी बोलावून मासिकांतली चित्रं दाखवली आणि असं काहीतरी जमेल का, असं विचारलं. तिनं कात्री चालवली. पण केस उभे राहीनात. मग रंग दिला. जर्मन बनावटीचा लालभडक रंग आणि त्यात जोरदार पेरॉक्साइड, म्हणजे केसाचा पोतच बदलेल आणि तो ताठ होईल. वर कोंड्यावरचं एक औषध घट्टपणा आणण्यासाठी वापरलं. तो लाल, ताठ केशसंभार पुढे सगळ्या जगानं पाहिला. बोवीनं ‘झिगी स्टारडस्ट’ नावाचं परग्रहावरच्या गायकाचं पात्र उभं केलं होतं, त्याचं डोकं हे. काही महिन्यांत सूझीनं केशकर्तनालय सोडलं आणि ती बोवीच्या दौऱ्यांवर केस आणि कपडेपट सांभाळू लागली. तिच्या आठवणींचं पुस्तक 2024 साली आलं. उशिरा का होईना, तिनं स्वतःच्या शब्दांत हे सांगितलं याचं मला फार समाधान आहे.

या साखळीकडे नीट पाहा. टोकियोतली एक बाई मित्राचा शो उभा करायला लंडनला जाते. त्या कपड्यांचं चित्र मासिकात येतं. चित्र पाहून उपनगरातला एक गायक केस कापून घेतो. त्या बाईला त्या गायकाचं नावसुद्धा माहीत नाही, पण तिच्या कामाचा धागा त्याच्या डोक्यापर्यंत पोचलेला आहे. कलेच्या इतिहासात प्रभाव म्हणतात तो बहुतेक वेळा असा फिरतो, माणसांच्या हातांतून आणि सामानाच्या पेट्यांतून. पुस्तकांत मात्र एका प्रतिभावंतानं दुसऱ्या प्रतिभावंताला पाहिलं, एवढंच येतं.

1972 च्या उन्हाळ्यात ताकाहाशी पुन्हा लंडनला आल्या, या वेळी सुकितांबरोबर. टी. रेक्स या गटाचा मार्क बोलन तेव्हा शिखरावर होता आणि त्याची छायाचित्रं घ्यायची होती. ती झाली. तिथंच सुकितांना रस्त्यात एक भित्तिपत्रक दिसलं. काळ्या पार्श्वभूमीवर पाय उंच फेकलेला एक तरुण. हा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. 8 जुलैला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये बोवीचा कार्यक्रम झाला, त्यात लू रीडही गायला. तो कार्यक्रम पाहून सुकिता भारावले. पण भारावून छायाचित्र मिळत नाही. बोवीच्या व्यवस्थापकांकडे जाणं, सुकितांचं काम दाखवणं, बोलणी करणं आणि वेळ मिळवणं, हे ताकाहाशींनी केलं. सुकिता आणि बोवी यांचं नातं त्यापुढे चाळीसहून अधिक वर्षं टिकलं. जगातल्या कितीतरी प्रदर्शनांच्या भिंती त्या छायाचित्रांनी भरल्या. त्याची सुरुवात एका स्टायलिस्टनं केलेल्या बोलण्यांतून झाली. माझ्या मते हेही स्टायलिस्टचंच काम आहे. कोणता कपडा कोणाच्या अंगावर शोभेल हे ओळखणारी नजर आणि कोणता माणूस कोणासमोर उभा राहिला पाहिजे हे ओळखणारी नजर, या दोन वेगळ्या नजरा नाहीत.

बोवीचे तोवरचे बरेचसे कपडे फ्रेडी बरेटी या तरुण शिंप्यानं शिवले होते. जुलै 1972 मध्ये दूरचित्रवाणीवर ‘स्टारमॅन’ गाताना जो रंगीबेरंगी, शिवणीनं फुगवलेला पोशाख बोवीनं घातला होता, तो बरेटीचा. उत्तम हात होता त्याचा. पण कान्साईंचे कपडे बोवीच्या मनातून गेले नव्हते. लंडनच्या फुलहॅम रोडवरच्या एका दुकानात ते मिळत. तिथून त्यानं सशांची चित्रं असलेला एक पोशाख विकत घेतला आणि रंगमंचावर घातलाही. गंमत अशी की कान्साईंनी ते कपडे बायकांसाठी बनवले होते.

मग फेब्रुवारी 1973. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये बोवीचे कार्यक्रम ठरले. भल्या पहाटे ताकाहाशींचा फोन कान्साईंना गेला, की तुमचे कपडे घालणारा एक विलक्षण माणूस आहे, ताबडतोब न्यूयॉर्कला या. कान्साई पुढे अनेक मुलाखतींत हे सांगत. ते गेले. बोवी वरून, छताकडून रंगमंचावर उतरला आणि त्याच्या अंगावर आपले कपडे आहेत हे त्यांनी पाहिलं. आपण केलेला कपडा आपल्यापेक्षा चांगला कळलेला माणूस भेटणं ही वेशसंकल्पकाच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट असते. कान्साईंना तो भेटला आणि भेटवणारी होती याक्को-सान.

त्या काळात बोवीच्या कार्यक्रमांत काबुकीतली एक युक्ती आली, तिच्यावर मी थोडा वेळ रेंगाळणार आहे, कारण कपडेपट सांभाळणाऱ्या कोणालाही ती ऐकून हात शिवशिवतील. तिला ‘हिकिनुकी’ म्हणतात. नटाच्या अंगावर एकावर एक असे दोन पोशाख असतात. वरचा पोशाख पक्का शिवलेला नसतो. तो मोठ्या धावदोऱ्यानं नुसता जोडलेला असतो आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बारीकशी गाठ बाहेर काढलेली असते. नट नाचत असताना मागे बसलेला मदतनीस त्या गाठी एकेक करून ओढत जातो. शेवटची गाठ सुटली की वरचा पोशाख एका झटक्यात निघून येतो आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तोच नट दुसऱ्याच रंगात उभा असतो. आम्ही नाटकवाले ‘चेंज’ करतो तो विंगेत, अंधारात, नटाला हुक लावताना देवाचं नाव घेत. काबुकीनं तोच चेंज उजेडात आणला आणि त्यालाच नाट्य बनवलं. बोवीच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी दोघं जण झगा खेचून काढत, आणि आत वेगळाच पोशाख असे. हे जमायला कपडा तसा बेतावा लागतो, आणि खेचणाऱ्यांची वेळ ढोलाच्या ठोक्याशी जुळावी लागते. एक दोरा अडकला तर सगळ्या नाट्यगृहासमोर फजिती. तिथं गायकाइतकंच खेचणाऱ्यांचंही काळीज धडधडत असतं.

एप्रिलमध्ये बोवी जपानला गेला. 8 एप्रिल 1973 ला टोकियोच्या शिंजुकू भागात त्याचा पहिला कार्यक्रम झाला. कान्साईंनी त्याच्यासाठी आणखी पोशाख केले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही पाय भल्यामोठ्या कमानींसारखे बाहेर आलेला चकचकीत पोशाख त्यातलाच, आणि बोवीचं नाव जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला पांढरा झगाही. काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या बांदो तामासाबुरो यांच्याकडून बोवीनं रंगभूषेचे धडे घेतले. या दौऱ्यात त्याच्या कपड्यांची बाजू ताकाहाशी पाहत होत्या.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पाश्चात्त्य गायकानं पूर्वेकडची रंगपरंपरा उचलली आणि स्वतःच्या नावावर खपवली, असं म्हणता येईल का? अशी उदाहरणं पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग यायलाच हवा. पण या प्रकरणात कपडे जपानी संकल्पकाचे होते आणि त्याच्या नावासकट जगासमोर आले. ते घालायला लावणारी, टिकवणारी माणसं त्याच मातीतली होती. दोन वर्षांनी, 1975 मध्ये, कान्साईंनी पॅरिसमध्ये पदार्पण केलं, तोवर त्यांचं नाव युरोपला परिचित झालं होतं. मध्ये ताकाहाशींसारखी व्यक्ती असली की देणाऱ्याची ओळख पुसली जात नाही. ती मध्ये नसती तर तेच कपडे कोणातरी ‘अज्ञात जपानी कलाकाराचे’ म्हणून खपले असते.

दुसरा आक्षेप असा, की बोवीला स्वतःचीच नजर होती, त्याला स्टायलिस्टची काय गरज? नजर होती, आणि ती असामान्य होती, हे मी मनापासून मान्य करते. पण माणूस समोर आलेल्या गोष्टींतूनच निवडतो. समोर काय येईल हे आधी कोणीतरी निवडलेलं असतं.

1977 चं जाकीट याचा पुरावा आहे. त्या वसंतात बोवी आपला मित्र इगी पॉप याच्या ‘द इडियट’ या तबकडीच्या प्रसिद्धीसाठी त्याच्याबरोबर टोकियोत आला होता. सुकितांना हाराजुकूतल्या एका स्टुडिओत दोघांसाठी एकेक तासाच्या आसपास वेळ मिळाला. लंडन-न्यूयॉर्कमध्ये तेव्हा पंकचा जोर होता. ताकाहाशींनी चामड्याची जाकिटं गोळा करून आणली. चार वर्षांपूर्वी याच बाईनं याच माणसाला काबुकीच्या रंगांत पाहिलं होतं, लाल केस आणि कमानीसारखे पाय. त्याच्यासमोर त्यांनी आता काळं चामडं ठेवलं. जो पोशाख एकदा इतका गाजला तोच पुन्हा नेणं किती सोपं होतं! आमच्या क्षेत्रात हा मोह सगळ्यांना होतो. त्यांनी तो टाळला. छायाचित्र प्रसिद्धीसाठीच होतं, तबकडीसाठी नव्हे. नंतर बोवीनं त्यातलं एक निवडलं आणि ते ‘हीरोज’चं वेष्टन झालं. 2013 साली ‘द नेक्स्ट डे’ आली तेव्हा संकल्पक जॉनथन बार्नब्रूक यांनी तेच जुनं वेष्टन घेऊन मधोमध पांढरा चौकोन चिकटवला. चेहरा झाकला गेला, तरी चित्र कोणतं हे सगळ्यांनी ओळखलं.

पुढच्या दशकांत हा व्यवसाय स्थिरावला, कारण 1981 साली अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि प्रत्येक गाण्याला चित्रफीत लागू लागली. जूडी ब्लेम या स्टायलिस्टनं टेम्सच्या काठावर सापडलेल्या बटणा-हाडांतून दागिने केले, नेने चेरी आणि ब्योर्क या गायिकांना त्यांचं रूप दिलं. 1997 साली जून अँब्रोझ या स्टायलिस्टनं गायिका मिसी एलियटला ‘द रेन’च्या चित्रफितीत हवा भरून फुगवलेल्या काळ्या चकाकत्या पोशाखात उभं केलं. बायकांनी पडद्यावर बारीकच दिसलं पाहिजे या दंडकाला इतकं जोरकस उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल. या दोघांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, आज तेवढा वेळ नाही.

बोवीच्या संग्रहातल्या ऐंशी हजारांहून अधिक वस्तू आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत आणि सप्टेंबर 2025 पासून त्यांचं केंद्र पूर्व लंडनमध्ये खुलं झालं आहे. पोशाख आहेत, हाताने लिहिलेली गाणी आहेत, वाद्यं आहेत. हे फार मोठं काम झालं आहे. पण पहाटेचा फोन संग्रहात ठेवता येत नाही. दुकानातून उसनं आणून परत केलेल्या कपड्याचा माग राहत नाही. स्टायलिस्टच्या कामाचा पुरावा त्याच्या स्वतःच्या आठवणींतच असतो, म्हणून त्या लिहून ठेवणं भाग असतं.

ताकाहाशींनी त्या लिहिल्या. सत्तरी ओलांडल्यावरही त्या काम करत होत्या. 2020 मध्ये कान्साई गेले, 2022 मध्ये त्या गेल्या. ‘ओमोतेसांदोची याक्को-सान’ हे त्यांचं आठवणींचं पुस्तक जपानीत आहे. आपल्या पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची कमी नाही. आज या सभागृहातही काही जण असतील. त्यांच्यापैकी कोणी हे पुस्तक मराठीत आणायचं मनावर घेतलं, तर कपड्यांचे आणि रंगमंचाचे शब्द जुळवायला मी त्यांच्याबरोबर बसेन. व्याख्यान संपल्यावर मी इथंच थांबणार आहे, जरूर येऊन भेटा.